संस्कृतीची जागा

दिवाळीचा फराळ डब्यात शिल्लक असतानाच हिवरवाडीतून ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघाले. अंगद आणि मंगल या वर्षी लांब, कर्नाटकातल्या एका कारखान्यावर चालले होते. ट्रॉलीत बिछाने, पत्र्याची पेटी, कोयते, पिठाचं पोतं, कडेला बांधलेल्या दोन कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन मंगल बसलेली. त्यांची थोरली, संस्कृती, खाली चुलत्याच्या दारात उभी होती. ती चौथीत होती. लहानपणीच उसाच्या फडातल्या थंडीत तिचा डावा कान फुटला होता आणि मागच्या वर्षीपासून तो सारखा वाहत होता, म्हणून या खेपेला तिला मागं ठेवायचं ठरलं होतं.

"वैनी, पोरगी तुमच्या पदरात टाकून चाललो," अंगद म्हणाला.

"जा निवांत. आमाला एक पोरगी काय जड न्हाई," तुळजाबाई म्हणाली.

ट्रॅक्टर सुरू झाल्यावर मंगल वरून ओरडली, "आक्का, तिच्या कानात लसणाचं तेल सोडत जा बरं का!" मग तिनं पोरीला हाका मारल्या. पोरगी ट्रॅक्टरच्या चाकाकडं बघत राहिली. मंगलनं डोळ्याला पदर लावला, आणि ट्रॉली वळणाआड गेली.

तुळजाबाई ही अंगदच्या थोरल्या भावाची, सुंदररावची बायको. संस्कृती तिला मोठीमाय म्हणायची. तुळजाबाई काही वाईट बाई नव्हती, पण त्या दिवसांत तिला स्वतःचं डोकं विंचरायला सवड नव्हती. रान कापसानं पांढरं झालं होतं आणि वेचायला माणूस मिळत नव्हतं. गावातल्या निम्म्या बाया कारखान्यावर गेलेल्या. उरलेल्यांना ज्याचा त्याचा कापूस. ती उजाडायच्या आत भाकरी थापून, कमरेला ओटी बांधून रानात जायची ती दिवस मावळता यायची. बोंडाची टोकं बोचून तिच्या बोटांची टोकं फाटली होती. भाकरीचं पीठ मळताना मिठानं झोंबायची.

म्हणून घरचं बरंचसं संस्कृतीवर आलं. म्हशीखालचं शेण काढायचं, पाणी शेंदायचं, तुळजाबाईच्या धाकट्या पोराला, अमरसिंहला, काखेत घेऊन फिरवायचं. अमरसिंह चार वर्षांचा झाला तरी पायांनी चालायचा कंटाळा करायचा. संस्कृती काम करायची, पण सांगितलेलं एक आणि केलेलं दुसरं. वैरण टाक म्हटलं की पाणी ठेवायची. पाठीमागून हाक मारली तर वळायचीच नाही. मग तुळजाबाई जवळ येऊन पाठीत धपाटा घालायची.

"कानात काय बोळे घातलेत का, बह्यरे? कवाची बोंबलायली मी!"

संस्कृती पाठ चोळत तिच्या तोंडाकडं बघायची. रडायची नाही, बोलायची नाही. घरात, गल्लीत सगळे तिला ठोंबी म्हणायला लागले होते. तिचे केस चिकटून त्यांच्या जटा झाल्या होत्या. कानातून पू यायचा, तो गालावर वाळायचा, आणि त्याला वास यायचा.

शाळेत तिची जागा दाराजवळ होती. ती कुणी दिली नव्हती. शेजारची पोरं नाक धरून एक एक हात सरकत गेली, आणि शेवटी ती दाराच्या चौकटीला टेकून एकटी उरली. तिच्या पलीकडं चपला.

त्या साली शाळेवर गंगासागरबाई नव्यानं बदलून आल्या होत्या. नेकनूरला त्यांच्या सासऱ्यांचं, मन्मथप्पांचं, किराणा दुकान होतं. तिथून त्या स्कूटीवर यायच्या. शाळा दोन शिक्षकांची. मुख्याध्यापक धोंडीराम सर पहिली-दुसरी बघायचे आणि बाईंकडं तिसरी-चौथी.

एक दिवस बाईंनी शुद्धलेखन घातलं. पोरांमधून फिरत, शब्द सांगत त्या दारापाशी आल्या आणि संस्कृतीच्या पाटीकडं बघितलं. पाटीवर जवळजवळ काहीच नव्हतं.

"का गं, लिहीत का नाहीस?"

"तिला न्हाई येत, बाई," पुढून स्वप्नाली नावाची मुलगी म्हणाली. "ती ठोंबी हाय."

वर्ग हसला. पोरं हसली हे बघून संस्कृतीही थोडी हसली. ते हसणं बाईंना बघवलं नाही.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या, आणि तिच्यासमोर उकिडव्या बसून त्यांनी शब्द सांगितले. पान. बाळ. माप. कावळा.

संस्कृती त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. मग वाकून तिनं लिहिलं. अक्षर वाकडं होतं, पण वाचता येत होतं. मान. माळ. पाप. चौथ्या शब्दाची जागा रिकामी.

मधल्या सुट्टीत बाईंनी ती पाटी धोंडीराम सरांना दाखवली.

"अहो, ती पोरगी अशीच हाय," सर म्हणाले. "पहिलीपासून बघतोय मी. वर्षातले सहा महिने फडात. तिच्यामागं लागाल तर बाकीचा वर्ग बसंल. बसू द्या तिला तिकडं, कुणाला तरास न्हाई तिचा."

"पण सर, हे बघा ना. पानाचं मान केलं तिनं. बाळाचं माळ. चुकली, पण कशी चुकली?"

"कशी?"

"तोंड मिटून म्हणायची अक्षरं आहेत ही. प, ब, म. आरशात बघून म्हणा, सारखीच दिसतात. ती ऐकून नाही लिहीत, सर. बघून लिहितीय. आणि कावळा म्हणताना ओठ काय फार हलत नाहीत, म्हणून तिथं काहीच नाही."

धोंडीराम सरांनी ओठ मिटून पुटपुटून बघितलं. "प... म..." आणि पाटी पुन्हा बघायला मागितली.

शाळा भरल्यावर पोरं गोंगाट करत बसत होती. बाई संस्कृतीच्या मागं गेल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "संस्कृती." ती चपलांची जोडी नीट लावत राहिली. बाईंनी थोडं मोठ्यानं हाक मारली. पुढच्या ओळीतल्या पोरांनी माना वळवल्या. संस्कृतीनं वळवली नाही.

पहिलीपासून ही पोरगी शाळेत येत होती, आणि शाळा तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.  बाई हातपंपावर जाऊन पाणी पिऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या वर्गाच्याच जागा बदलल्या, म्हणजे एकीसाठी बदलल्या असं कुणाला वाटू नये. संस्कृती पहिल्या ओळीत आली, खिडकीच्या उजेडात, बाईंच्या खुर्चीच्या अगदी समोर. स्वप्नालीला तिच्याशेजारी बसवलं. स्वप्नालीनं नाकाला रुमाल लावला.

"स्वप्नाली, आज आपण दोघी मिळून संस्कृतीचं डोकं धुणार आहोत," बाई म्हणाल्या. "पंप तू हाणायचा."

कानात पाणी जाऊ नये म्हणून बाईंनी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरायला संस्कृतीला दाखवलं. साबण, खोबऱ्याचं तेल आणि बारीक दातांची फणी त्या घरून घेऊन आल्या होत्या. जटा सुटेनात तेव्हा खालचे केस कातरले. मग ओसरीवर बसून त्यांनी पोरीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि कापसानं कानाबाहेरचा वाळलेला पू पुसायला लागल्या. हात लागला तशी संस्कृती आक्रसली, खांदे वर आले. मार बसणार असंच तिला वाटलं. पण मार काही बसला नाही, आणि हळूहळू तिचे खांदे खाली आले. जरा वेळानं बाईंनी बघितलं, तर पोरगी झोपली होती. स्वप्नालीच्या तोंडावरचा रुमाल कधीचा खाली आला होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाई संस्कृतीला घेऊन सुंदररावच्या रानात गेल्या. तुळजाबाईनं लांबूनच बघितलं आणि तिचा चेहरा आवळला.

"काय केलं बाई हिनं?"

"काही नाही केलं. भेटायला आले तुम्हाला."

"आमी काय उपाशी ठिवतो का तिला? दोन वेळ खाती-पिती. गावात कुणी काय सांगितलं आसंल तर—"

"कुणी काही सांगितलं नाही," बाई म्हणाल्या, आणि साडीचा पदर खोचून तिच्या शेजारच्या ओळीला कापूस वेचायला लागल्या. त्यांना ते जमत नव्हतं. निम्मा कापूस बोंडातच राहायचा, पाला चिकटून यायचा. एकदा बोट बोचलं तशी त्यांनी ते तोंडात घातलं. तुळजाबाई तिरक्या नजरेनं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"आसं न्हाई, मॅडम. पाची बोटांनी मुळापून धरा आन् एकदाच वडा."

ओळ निम्मी झाल्यावर बाई म्हणाल्या, "तुळजाबाई, तुम्ही एवढ्या कामात पोरीला सांभाळता. हाक मारून मारून बेजार होत असाल ना?"

"इचारू नका. डोंगराला हाक मारावी तशी गत. येक न्हाई, दोन न्हाई."

"ती बघा, बांधावर पाठमोरी बसलीय. हाक मारा तिला. ओरडू नका, आपण बोलतो तशी मारा."

"संस्कृती," तुळजाबाईनं हाक मारली. वारा पडला होता. "आगं ये संस्कृती." पोरगी बांधावरची काडी घेऊन मातीत काहीतरी रेघा ओढत होती. "संस्कृती, हे बग, लाडू देते, ये."

लाडवालाही पोरगी वळली नाही.

तुळजाबाई कापसाच्या झाडाला धरून उभी राहिली. ओटीतला कापूस खाली सांडायला लागला, तो तिनं सावरला नाही.

"मी तिला बह्यरी म्हनून शिव्या द्यायचे, मॅडम," ती म्हणाली. "खरंच बह्यरी आसंल, आसं कधी मनात आलं न्हाई."

"कुणाच्याच नाही आलं. शाळेच्याही नाही."

"हानलं की वं मी तिला. रोज हानलं."

 तुळजाबाईनं फाटक्या बोटांनी नाक पुसलं. मग बाई म्हणाल्या, "बीडच्या दवाखान्यात सोमवारी कानाचे डॉक्टर बसतात. तिला न्यायला पाहिजे. मी रजा टाकून येते संगं. पण घरचं माणूस पाहिजे."

त्या संध्याकाळी सुंदरराव ओसरीवर बसून ऐकत होता. त्याला हे पटेना. "पोरगी दुसऱ्याची. उद्या डाक्टरनं कानात काय घातलं, वाकडं झालं, तर मी अंगदाला काय सांगू? आन् ऐन वेचनीत तू बीडला जायलीस? कापूस वाऱ्यानं लोळायला लागलाय."

"लोळू द्या," तुळजाबाई म्हणाली.

सुंदररावनं अंगदला फोन लावला. तिकडून मोळ्या टाकल्याचा आवाज, माणसांचा कालवा, त्यात अंगदचा दमलेला आवाज. सगळं ऐकून तो म्हणाला, "वैनीला इचारा, दादा. वैनी म्हनत्याल तसं."

"वैनीनं लुगडं काढून ठिवलंय सोमवारचं," सुंदरराव म्हणाला आणि फोन ठेवला.

बीडच्या त्या दवाखान्यात लांब रांग होती. तुळजाबाईनं भाकरी बांधून आणली होती, ती तिघींनी बाकड्यावर बसून खाल्ली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी नळी लावून डाव्या कानात बघितलं आणि पडद्याला भोक असल्याचं सांगितलं. पुढं-मागं ऑपरेशन लागेल, आत्ता मात्र कान कोरडा ठेवायचा, औषधाचे थेंब घालायचे. मग त्यांनी उजवा कान बघितला आणि भुवया वर केल्या.

"यात काय घातलं होतं?"

"लसणाचं त्याल, साहेब. तिची आई ती बारकी आसल्यापून घालायची, मलाबी घालायला सांगितलंतं. तो कान फुटला, निदान हा तरी जपावा म्हनून दोन्हींत घालत हुते."

डॉक्टरांनी बारीक चिमट्यानं, हळूहळू, एकेक करून काळा कडक मळ काढला. शेवटी एक जळकी लसणाची पाकळी निघाली. तुळजाबाईनं ती बघितली आणि भिंतीकडं तोंड केलं.

"हा कान चांगला आहे," डॉक्टर म्हणाले. "नुसता बुजला होता."

पोरगी एकदम दचकली. वरचा पंखा कुरकुरत होता, तिनं मान वर करून बघितलं. बाहेर कुणीतरी खुर्ची ओढली, तिनं तिकडं बघितलं. तिनं तुळजाबाईचा पदर मुठीत धरला आणि बसमध्ये बसेपर्यंत सोडला नाही. बस सुरू झाल्यावर तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले, काढले, पुन्हा ठेवले.

"मोठीमाय," ती म्हणाली. घोगरा, न वापरलेला आवाज. "गाडी लई बोलती."

तुळजाबाईनं तिला मांडीवर ओढून घेतलं. एवढ्या मोठ्या पोरीला मांडीवर घेतलं म्हणून कंडक्टर हसला. "हसू नगा," तुळजाबाई म्हणाली. "तुमचं काम करा."

कान कोरडा ठेवायला दवाखान्यातल्या स्वच्छ कापसाची वात करायची होती. "घरात कापसाचा ढीग, आन् बोळ्याला इकतचा कापूस," असं तुळजाबाई दर वेळी कुरकुरायची, पण साबणानं हात धुतल्याशिवाय पुडक्याला शिवायची नाही. अमरसिंहनं एकदा त्यातला कापूस घेतला तर त्याला दोन धपाटे बसले. कौतुकातल्या पोराला ते नवीनच होतं.

शाळेत मात्र सगळं एकदम सुधारलं नाही. ऐकू यायला लागलं, पण एवढ्या वर्षांचं हुकलेलं होतं. तिला अक्षरं ओळखीची होती, आवाज नव्हते. दुसऱ्यांच्या पुस्तकातला धडा ती चित्रासारखा उतरवायची. बाईंनी चौथीचं पुस्तक मिटून ठेवलं. शाळा सुटल्यावर त्या थोडं थांबायच्या आणि तिला तिच्याच कामाचे शब्द विचारायच्या.

"म्हशीला काय टाकलंस आज?"

"पेंड."

"पेंड. प म्हण. आता हाताचा तळवा तोंडापुढं धर. वारा लागतो का? आता म म्हण. लागला?"

"न्हाई."

"मग पान आणि मान एकसारखं लिहायचं का?"

संस्कृतीनं तळवा तोंडापुढं धरून पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं आणि हसली. या वेळी ती दुसऱ्यांचं बघून हसली नव्हती.

बाईंनी आणखी एक केलं. हजेरी झाली की वर्गाला पहिला प्रश्न विचारायचा तो संस्कृतीला, आणि तिला येईल असाच. आज वार कोणता. खिडकीबाहेर कोणाची बैलगाडी गेली. आधी वर्ग तिच्या उत्तराची वाट बघत चुळबुळायचा. मग स्वप्नालीच दुसऱ्यांना दटावायला लागली, "गप बे, तिला सांगू दी." धोंडीराम सर कधी वर्ग घ्यायला आले आणि फळ्याकडं तोंड करून बोलायला लागले, की मध्येच थांबायचे, वळायचे आणि म्हणायचे, "हां, चुकलो."

थंडी ओसरत असताना एक दिवस बाई वर्गात आल्या, तर खिडकीजवळची जागा रिकामी. संस्कृती पुन्हा दाराशी, चपलांजवळ बसली होती. मान खाली, केस मुद्दाम गालावर ओढलेले.

बाईंनी काही विचारलं नाही. खडू आणि पुस्तक घेतलं, दाराशी गेल्या आणि तिच्याशेजारी खाली बसल्या. "आज आपण इकडून शिकू," त्या वर्गाला म्हणाल्या. सगळा वर्ग वळून बसला. धडा अर्धा झाल्यावर संस्कृती हळूच म्हणाली, "बाई, कान पुन्ना वाहायलाय."

अमरसिंहनं खेळता खेळता तिला म्हशीच्या हौदात ढकललं होतं. तिनं घरी सांगितलं नव्हतं. मोठीमायनं एवढा जपलेला कान आपण घालवला, आता ती पुन्हा पहिल्यासारखी होईल, असं तिला वाटलं होतं.

बाई तिला घेऊन घरी गेल्या. तुळजाबाई दाण्याचं कूट करत होती. ऐकून तिनं खलबत्ता बाजूला ठेवला, पोरीचे केस मागं सारून कान बघितला, आणि पोरगी डोळे मिटून उभी राहिली.

"डोळे उघड," तुळजाबाई म्हणाली. पोरीनं उघडले. "कान माझा हाय का तुझा? दुखला की सांगायचं. मला न्हाई तर कुनाला सांगशील?" मग ती बाईंकडं वळली. "मॅडम, उद्या बीडची गाडी कितीची हाय?"

या वेळी बाईंना संगं जावं लागलं नाही.

कारखाना बंद झाला आणि कडक ऊन पडायला लागलं तेव्हा अंगद आणि मंगल परत आले. उन्हानं काळे पडलेले, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. मंगलनं पोरीला जवळ घेतलं, तिच्या तेल लावलेल्या वेण्यांवरून हात फिरवला आणि जावेकडं बघितलं. 

जेवणं झाल्यावर सगळे अंगणात बसले. संस्कृती चुलीपाशी, त्यांच्याकडं पाठ करून, तान्ह्या भावाला भात भरवत होती. अंगदनं आवाज खाली घेतला. पोरीसमोर पोरीबद्दल बोलायची सगळ्यांना सवयच होती. तिला कुठं कळतंय.

"दादा, पुढच्या साली हिला संगं न्यावं म्हनतो. ह्यो बारका रांगायला लागलाय, फडात कुनी बघायला न्हाई. चौथी तर झाली. हिला तसंबी काय येतं? उगी कशाला वैनीला तरास—"

"मी न्हाई येनार."

अंगदला आधी कळलंच नाही कोण बोललं. त्यानं मंगलकडं बघितलं. मंगल चुलीकडं बघत होती. संस्कृतीनं मान वळवली होती, हातात भाताचा घास तसाच.

"मी न्हाई येनार, पप्पा. मला पाचवीला जायचंय. मला येतं. सगळं न्हाई येत, पन येतं."

अंगदच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. ही पोरगी त्याच्याशी आयुष्यात एवढी वाक्यं सलग बोलली नव्हती. आणि ती त्याच्याकडं पाठ करून बसली होती, तो हळू बोलला होता, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. हे त्याला उशिरा उमगलं, आणि उमगलं तसा तो उठून तिच्याजवळ गेला. खाली बसला.

"ऐकू आलं तुला?"

"आलं."

"माझं सगळं?"

"तुमी म्हनले, हिला काय येतं."

अंगदनं मान खाली घातली. मंगल रडायला लागली होती, पदर तोंडात धरून, आवाज न करता.

"हे बगा भावजी," तुळजाबाई म्हणाली. "ती जिम्मेदारी तुमी माझ्यावर टाकून गेलते. मी आधी नीट सांबाळली न्हाई, ते मी देवाला सांगीन. पर आता पोरगी शाळंतच जानार. बारक्यालाबी ठिवून जा वाटल्यास, मग अमऱ्याला काखंतनं उतरून पायानं चालावं लागंल. पोरगी फडात जानार न्हाई."

 "कापूस लोळू द्या म्हनली होती तवाच मला कळायला पायजे हुतं," सुंदरराव म्हणाला. "आता हिच्या फुडं कुनाचं चालत न्हाई, अंगदा. माझंबी न्हाई."

अंगद हसला, आणि मंगलही रडता रडता हसली. संस्कृतीनं हातातला घास भावाच्या तोंडात घातला.

जूनमध्ये शाळा उघडल्या. हिवरवाडीची शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळं पाचवीला शेजारच्या मोठ्या गावात जायचं होतं. गंगासागरबाई म्हणाल्या होत्या, मी येते पहिल्या दिवशी, तिथल्या सरांना सगळं समजावून सांगते. तुळजाबाई म्हणाली, "तुमचा वर्ग बगा, मॅडम. मी हाय की."

पेरणीची घाई होती, पण ती धुतलेलं लुगडं नेसून पोरीला घेऊन गेली. मोठी शाळा, मोठा वर्ग. पाचवीचे सर उंच, घाईतले, हातात खडूची पेटी. पोरं आपापल्या जागा पकडायला धावत होती. तुळजाबाई वर्गाच्या दारातून सरळ आत गेली आणि सरांसमोर उभी राहिली.

"साहेब, हिला पुढं बसवायचं. डाव्या कानाला कमी येतं, म्हनून उजवा कान तुमच्याकडं. फळ्याकडं तोंड करून बोलायचं न्हाई. न्हाई समजलं तर ती सांगंल, तिला सांगायची सवय लावलीय. ओरडायचं न्हाई, ओरडून कुनाला काय येत न्हाई."

सरांनी चष्म्यातून तिच्याकडं बघितलं. "तुम्ही शिक्षिका आहात का कुठं?"

"कशाची शिक्षिका. कापूस वेचते मी."

"मग आई का हिच्या?"

 संस्कृती तिच्याआधी बोलली, आख्ख्या वर्गात ऐकू जाईल अशा आवाजात.

"मोठीमाय हाय माझी."

सरांनी पहिल्या बाकावर खिडकीकडची जागा रिकामी केली. संस्कृती बसली, दप्तर मांडीवर घेतलं. तुळजाबाई बाहेर ओसरीवर आली, पण लगेच गेली नाही. वर्ग सुरू झाला. सरांनी फळ्यावर तारीख लिहिली, लिहिता लिहिता बोलायला लागले, मग थांबून पोरांकडं वळले. तुळजाबाईनं पदर खोचला आणि हिवरवाडीच्या रस्त्याला लागली. रस्त्यात नेकनूरकडं जाणारा ओळखीचा टेंपो थांबला, आत बसलेल्या बायांनी विचारलं, "तुळजाबाई, पेरनीच्या दिवसात कुटं गेलता?"

"पोरीला पाचवीत घालून आले," ती म्हणाली. बाया सरकून बसल्या, पण ती टेंपोत चढली नाही. ताठ मानेनं चालत घरी गेली.